जेवढं कमी माहीत, तेवढं कमी घ्यावं

२ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची कॉड माशाची मासेमारी बंद केली. ही बंदी दोन वर्षांची आहे, असं तेव्हा सांगण्यात आलं. तिच्यामुळे सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. प्रत्यक्षात बंदी उठायला २०२४ साल उजाडलं आणि तेव्हाही परवानगी मिळाली ती वर्षाला १८ हजार टनांची. १९६८ साली याच पाण्यातून एका वर्षात सुमारे ८ लाख टन कॉड काढला गेला होता.

कॅनडात शास्त्रज्ञांची वानवा नव्हती. शोधनौका होत्या, सर्वेक्षणं होत होती, गणिती प्रारूपंही होती. तरी हा घात कसा झाला, हे जरा बारकाईने पाहायला हवं.

समुद्रातल्या माशांची शिरगणती करता येत नाही, त्यामुळे साठ्याचा अंदाज आडवाटेने काढावा लागतो. एक वाट शोधनौकेची. ती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या ठिकाणी जाळं ओढते, मग तिथे मासा असो वा नसो. दुसरी वाट व्यावसायिक ट्रॉलरच्या नोंदींची: तासाभरात किती मासळी लागली? ट्रॉलर अर्थातच जिथे मासा असेल तिथेच जातो. शिवाय संख्या घटली तरी कॉड उरलेल्या जागेत दाटीवाटीने गोळा होतो आणि ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या सोनार यंत्रावर तो थवा लगेच दिसतो. साठा निम्म्यावर आला तरी ट्रॉलरचं जाळं पूर्वीसारखंच भरून येतं, आणि नोंदवहीत सगळं आलबेल दिसतं.

ऐंशीच्या दशकात हे दोन अंदाज एकमेकांशी जुळेनासे झाले. किनाऱ्यालगत छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे लोक तर कधीपासून सांगत होते की मासा कमी लागतोय आणि लहान लागतोय. अखेर दोन अंदाजांच्या मधला आकडा धरला गेला. पुढे शास्त्रज्ञांनी मोठी कपात सुचवली, तेव्हा सरकारने त्याहून बरीच कमी कपात केली. पाणी थंड झाल्याचाही या ऱ्हासात वाटा होता का, यावर अजून मतभेद आहेत. पण दोन अंदाजांत एवढी तफावत आहे, हीच त्या वेळी हाताशी असलेली सर्वांत महत्त्वाची माहिती होती, आणि मध्य काढताना नेमकी तीच पुसली गेली.

समुद्राच्या बाबतीत चूक दोन बाजूंनी होऊ शकते. धोका नसताना मासेमारी रोखली, तर मच्छीमारांचं नुकसान होतं. ते खरं असतं, घराघरात जाणवतं, आणि त्याची भरपाई देणं सरकारचं काम आहे असं मला ठामपणे वाटतं. पण धोका असताना मासेमारी चालू ठेवली, तर मासाही जातो आणि मच्छीमारांचा धंदाही जातो. पहिली चूक पुढच्या हंगामात सुधारता येते, दुसरी सुधारायला न्यूफाउंडलंडमध्ये एक पिढी गेली. म्हणून दोन्ही चुका एकाच तराजूत तोलणं मला मान्य नाही.

मग अनिश्चितता हिशेबात धरायची कशी? याचं एक सुरेख उत्तर अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यात १९९४ साली आलं. जाळ्यात अडकून किंवा जहाजाची धडक बसून वर्षाला किती व्हेल-डॉल्फिन दगावले तरी त्यांची संख्या सावरू शकेल, हे ठरवणारं ते सूत्र आहे. समजा, दोन ठिकाणी सर्वेक्षण झालं आणि दोन्हीकडे अंदाज १००० डॉल्फिनचा आला. पहिलं सर्वेक्षण नेमकं होतं, त्याची सापेक्ष त्रुटी, म्हणजे अंदाजाच्या तुलनेत चुकीची व्याप्ती, २० टक्के. दुसरं ढोबळ, त्याची ८० टक्के. सूत्र १००० हा आकडा घेतच नाही. खरी संख्या ज्याच्या वर असण्याची शक्यता ८० टक्के आहे, असा खालचा आकडा ते घेतं. पहिल्या ठिकाणी तो सुमारे ८४६ येतो, दुसऱ्या ठिकाणी ५५३. आता व्हेल-डॉल्फिनसाठी गृहीत धरलेल्या वार्षिक ४ टक्के कमाल वाढीचा निम्मा दर लावायचा आणि त्याला सावधगिरीचा गुणक, समजा ०.५, लावायचा. पहिल्या ठिकाणी मर्यादा येते आठ, दुसऱ्या ठिकाणी पाच.

मला यातलं सगळ्यात पटतं ते हे, की अज्ञानाची किंमत इथे डॉल्फिन मोजत नाहीत. मर्यादा वाढवून हवी असेल, तर आधी मोजणी सुधारावी लागते. उत्तर अटलांटिकमधले राइट व्हेल आता जेमतेम ३८० च्या आसपास उरलेत. त्यांच्यासाठी हे सूत्र वर्षाला एकाहूनही कमी मृत्यूची मर्यादा देतं.

मासेमारीतही असाच विचार रुजतोय. आधी संगणकात एक समुद्र उभा करायचा आणि त्यात चुकीची मोजणी, वाईट हंगाम, नियम मोडणारी जहाजं असं सगळं घालून नियम हजारो वेळा चालवून बघायचा. त्यातून जो तगतो, तोच प्रत्यक्षात आणायचा. दक्षिणेकडच्या ब्लूफिन ट्यूनाचा कोटा २०११ पासून अशा पारखून घेतलेल्या नियमाने ठरवला जातो.

खोल समुद्रतळावर मात्र सूत्रात घालायला आकडेच पुरेसे नाहीत. तिथे निकेल, कोबाल्ट, मँगनीज असलेले धातूंचे गोळे पसरलेत आणि दहा लाख वर्षांत ते काही मिलिमीटरच वाढतात. १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या प्रशांत महासागरात, चार किलोमीटरहून खोल तळावर, हे गोळे काढायला तळ खणला तर काय होईल हे पाहण्यासाठी नांगरासारखं अवजार फिरवलं. २०१५ साली शास्त्रज्ञ परत गेले तेव्हा त्या अवजाराने पडलेले चर तसेच दिसत होते आणि तिथलं जीवन पूर्णपणे सावरलेलं नव्हतं. खाणकाम याहून कितीतरी मोठ्या क्षेत्रावर होणार असताना, ‘नुकसान सिद्ध झालेलं नाही’ असं म्हणून परवाने मागणं मला अत्यंत चुकीचं वाटतं. नुकसान होणार नाही हे दाखवण्याची जबाबदारी खोदणाऱ्याची असायला हवी.

आर्क्टिकच्या मध्यभागी हे तत्त्व पाळलं गेलंय. तिथला बर्फ ओसरू लागला, पण व्यावसायिक मासेमारी सुरू झाली नव्हती. ती सुरू होण्याआधीच नऊ देश आणि युरोपीय संघाने २०१८ साली करार केला, आणि २०२१ मध्ये तो लागू झाला. सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर समुद्रात १६ वर्षं व्यावसायिक मासेमारी करायची नाही, असं त्यात ठरलंय. मुदत संपताना कुणी हरकत घेतली नाही, तर ती आणखी पाच वर्षांनी वाढते. तोवर सगळ्यांनी मिळून शोधायचंय, की त्या पाण्यात कोणते मासे आहेत, किती आहेत आणि त्यांच्यावर आणखी कोण जगतं.