पटातल्या बैलाची माय कोण?

गेल्या माघात आर्वीकडच्या एका गावात पट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, बघायला गेलो होतो. जोडी सुटली, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याची आरोळी ऐकू आली, छकडा धुळीत दिसेनासा झाला आणि पापणी लवायच्या आत पंचांनी सेकंद पुकारले. जिंकलेल्या जोडीतल्या डाव्या बैलाच्या कपाळाला गुलाल लागतो न लागतो तोच गर्दीतून प्रश्न आला, "कोणत्या सांडाचा हाय जी?" मालकानं सांडाचं गाव सांगितलं, त्याच्या मालकाचं नाव सांगितलं, त्याच सांडाचे आणखी दोन गोऱ्हे कुठं आहेत तेही सांगितलं. गायीचं कोणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

मी या भागात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतो आणि हा अर्धाच विचारलेला प्रश्न मला दर पटाला खटकतो. का खटकतो हे सांगण्यासाठी मात्र आधी कुत्र्यांच्या शर्यतीकडं जावं लागेल.

ग्रेहाऊंड कुत्र्यांच्या शर्यतींचं मोठं प्रस्थ इंग्लंड, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात. पैजांवर चालणारा हा खेळ आहे, आणि जी पिल्लं पळत नाहीत त्यांचं पुढं काय होतं यावरून त्याच्यावर कडक टीका होते, ती योग्यच आहे. न्यूझीलंडनं तर डिसेंबर २०२४ मध्ये हा खेळ बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पण कोणता नर कोणत्या मादीला लावायचा, याचा जेवढा अनुभव या लोकांकडं साठला आहे तेवढा बैलांच्या बाबतीत साठायला कित्येक पिढ्या लागतील. कारण साधं आहे. कुत्री ६३ दिवसांत विते, एका वेळी सहा-सात पिल्लं देते, आणि पिल्लू दीड वर्षाचं होईतो त्याची धाव कळते. आपली गाय नऊ महिन्यांवर दहा दिवस घेते, वासरू एकच देते, आणि ते जुंपायला येईतो अडीच-तीन वर्षं जातात. त्यातही निम्म्या वेळा कालवड होते.

दुसरा फरक त्याहून मोठा. ग्रेहाऊंडमध्ये मादीही पळते. तिचे सेकंदही नराइतकेच काटेकोर नोंदलेले असतात. त्यामुळं जोडा लावताना दोन्ही बाजूंचा हिशेब हाताशी असतो. आपल्या पटात गाय पळत नाही. तिच्या अंगात वेग आहे की नाही हे कळायचा एकच मार्ग, तो म्हणजे तिचे गोऱ्हे आणि तिचे भाऊ.

आता हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा एखाद्या टापूतली जनावरं ठरावीक अंतर सरासरी १० सेकंदांत कापतात. आपण ९ सेकंदांचा नर आणि ९ सेकंदांचीच मादी निवडली. पिल्लं ९ सेकंदांची होतील असं वाटतं. होत नाहीत. कारण त्या एका सेकंदाच्या फरकात रक्ताचा वाटा थोडा. बाकी खुराक, मेहनत, त्या दिवशीची हवा, पायाखालची माती आणि नशीब. रक्ताचा वाटा ३० टक्के धरला, तर पिल्लांची सरासरी ९.७ सेकंदांवर येईल. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली माणसांच्या उंचीवरून हेच दाखवलं होतं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीकडं थोडी सरकलेली. आता नर ९ सेकंदांचा ठेवा आणि मादी कोणतीही, म्हणजे १० सेकंदांची घ्या. पिल्लांची सरासरी ९.८५. मिळाला असता त्यातला निम्मा फायदा गेला. पटावर गर्दीतून येणारा प्रश्न दर वेळी हा निम्मा फायदा सोडून देतो.

खरं तर निम्म्याहून जास्तच. पेशीत इंधन जाळणारी जी सूक्ष्म भट्टी असते, मायटोकॉन्ड्रिया, तिची स्वतःची जनुकं फक्त आईकडून येतात. पोटातले नऊ महिने आईचे, चीक आईचा, पहिल्या महिन्यांचं दूध आईचं. बापाचं योगदान एका क्षणाचं असतं.

मग दोन्हीकडून वेगवानच निवडले की झालं? इथं व्हिपेट कुत्र्याची गोष्ट सांगायलाच हवी. व्हिपेट म्हणजे ग्रेहाऊंडचा लहान भाऊ शोभेल असा सडपातळ, सुईसारख्या नाकाचा कुत्रा. त्याच्या काही वेतांत अधूनमधून एखादं भलतंच पिल्लू निघायचं: मान जाड, छाती फुगलेली, मांड्यांवर दोरखंडासारखे स्नायू. आईबाप मात्र चांगले पळणारे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं मूळ शोधलं. स्नायू किती वाढू द्यायचे याला लगाम घालणारं मायोस्टॅटिन नावाचं जनुक असतं. या कुत्र्यांत त्यातली दोन अक्षरं गळाली होती, आणि तेवढ्यानं लगाम तुटला होता. ज्याला अशी बिघडलेली प्रत आई किंवा बाप एकाकडूनच मिळाली, त्याचे स्नायू थोडे भरतात. सर्वांत वेगवान गटातल्या व्हिपेटमध्ये असे कुत्रे इतर गटांपेक्षा जास्त आढळले. ज्याला दोन्हीकडून मिळाली, ते हे भलतं पिल्लू. त्याला पेटके येतात, शर्यतीत त्याचा निभाव लागत नाही.

म्हणजे असे दोन वेगवान कुत्रे एकमेकांना लावले, तर सरासरीनं चारांतलं एक पिल्लू साधं, दोन आईबापांसारखी आणि एक बेढब. वेगवान नराला साधी मादी दिली तर निम्मी पिल्लं वेगवान, निम्मी साधी, आणि बेढब एकही नाही. वेगवान पिल्लांची संख्या दोन्हीकडं सारखीच! पैदास करणाऱ्या माणसाचं डोकं इथं लागतं. आणि हेच जनुक ग्रेहाऊंडमध्येही तपासलं, तर त्यात हा बिघाड सापडला नाही. ते दुसऱ्याच वाटेनं वेगवान झाले आहेत. वेगाचं एकच जनुक शोधणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. गायीबैलांतही मायोस्टॅटिनचा बिघाड आहे: बेल्जियन ब्लू नावाच्या परदेशी जातीत. तिथं वासरू इतकं मांसल असतं की बहुतेक गायींची सुटका पोट फाडूनच करावी लागते.

जवळच्या नात्याचा मुद्दा यातूनच निघतो. लपलेल्या वाईट प्रती आईबापांच्या अंगात निमूट असतात. दोघं एकाच रक्ताचे असले की त्या पिल्लात एकत्र येतात. दिसायला देखण्या, प्रदर्शनात मिरवणाऱ्या ग्रेहाऊंडच्या एका रक्तात असाच मज्जातंतूंचा आजार निघाला. पिल्लू धडधाकट जन्मायचं आणि काही महिन्यांत त्याची चाल बिघडायची. पळण्यासाठी घडवलेल्या जातीचं पिल्लू, आणि त्याला नीट चालता येईना. बाप-लेक किंवा सख्खे बहीण-भाऊ जुळवले तर पिल्लाच्या सरासरी २५ टक्के जनुकजोड्या एकाच पूर्वजाच्या दोन नकला निघतात. सावत्र भावंडांत हा आकडा १२.५. आपल्याकडं ग्रेहाऊंड नाहीत, पण गावात एकच सांड पाच-सहा वर्षं मोकळा फिरतो आणि चौथ्या वर्षी त्याच्याच कालवडी त्याच्याकडून गाभण राहतात. कोणी मुद्दाम करत नाही. कोणी लिहूनच ठेवत नाही, म्हणून होतं. सांड तीन वर्षांनी दुसऱ्या गावाशी बदलून घ्यावा, एवढं मी गावोगाव सांगत असतो.

आमच्या वर्धा जिल्ह्यातली आर्वी, आष्टी, कारंजा ही गवळाऊ जातीच्या गुरांचीच भूमी. पांढरी, उंच, हलक्या अंगाची, लांब डगांची जनावरं. हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्रही आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली. मधल्या सात वर्षांत वेगाचं जनावर सांभाळायचं कारणच अनेकांना उरलं नाही. आता तळेगाव दशासरसारख्या पटांना पुन्हा गर्दी होते, तेव्हा चांगलं रक्त शोधायची धावपळ दिसते. आणि इथं एक अडचण येते, जी कुत्रेवाल्यांना सहसा येत नाही. पट जिंकणारा बैल अनेकदा खच्ची केलेला असतो. त्याचा वंश त्याच्यापाशीच थांबला. शिवाय पुकारलेले सेकंद त्याच्या एकट्याचे नसतात. जोडीदाराचे असतात, धुरकऱ्याचेही असतात. जोडीदार बदलूनही तो पळतो का, हे पाहिल्याशिवाय त्याचं श्रेय त्याला देता येत नाही. तरी तो खरा निघाला, तर त्याच्या जनुकांपर्यंत जायच्या वाटा उरतात त्या अशा: त्याचा बाप, त्याची माय, आणि त्याच मायबापांची त्याची सख्खी बहीण, जिच्यात सरासरीनं त्याची निम्मी जनुकं असतात.

पटानंतर आठवड्यानं लसीकरणासाठी त्याच बैलाच्या गोठ्यावर गेलो. सुई टोचताना विचारलं, "भाऊ, याची माय कुठं आहे?"

"थे त दोन सालाआधीच इकली जी. दूध काही देत नव्हती."

"आणि हिची माय?" कोपऱ्यात कडबा खाणारी दोन दातांची पांढरी कालवड होती. मला पाहून तिनं कान टवकारले, एका झटक्यात वळून उभी राहिली. मागचे खूर घट्ट, गुडघ्याखालचं हाड बारीक.

"हे तिचीच. सांड बी तोच."

ही कालवड कोणत्याही परिस्थितीत विकू नका आणि त्या सांडाला दाखवू नका, असं मी दोनदा सांगितलं. मग लेकीची शाळेची वही मागवली. भाऊनं मागच्या पानावर कालवडीचा रंग लिहिला, जन्माचा महिना लिहिला, सांडाचं गाव लिहिलं. पुढं त्याचं पेन थांबलं.

"मायचं काय लिहू जी?"

आतून त्याची आई म्हणाली, "चांदी म्हनत होतो आपन तिले."

त्यानं चांदी लिहिलं, आणि त्याच्यापुढं तिला कोणत्या बाजारात विकलं ते.