बसची पहिली पायरी

महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. तिकीट खाली आलं, पायरी मात्र होती तिथेच राहिली. घरातल्या जिन्याची पायरी १५ ते १८ सेंटिमीटर असते. एसटीची पहिली पायरी अनेकदा त्याच्या दुप्पट. म्हणून तर स्टँडवर आजी आधी पिशवी आत सरकवतात, मग दोन्ही हातांनी दांडा धरतात आणि मागून कुणीतरी "चला आजी, चला" म्हणत त्यांना वर चढवतं.

यात गुडघ्याचं काय होतं, हे मोजलेलं आहे. शस्त्रक्रियेत बसवलेल्या कृत्रिम सांध्यातच संवेदक ठेवून संशोधकांनी पाहिलं, की साधा जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. उतरताना तर थोडा अधिकच. पायरी जितकी उंच तितका गुडघा जास्त वाकतो आणि मांडीच्या स्नायूला तितका जास्त जोर लावावा लागतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीर तोलून धरतो. म्हातारी माणसं बसमध्ये चढताना कुरकुरतात, पण उतरताना घाबरतात, त्याचं कारण हे.

बस इतकी उंच का असते? कारण ती मुळात ट्रक असते. ट्रकच्या सांगाड्यावर, म्हणजे लांबलचक दोन तुळयांवर, बसची पेटी चढवायची ही जुनी आणि स्वस्त रीत. इंजिन पुढे, त्याची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा खालून, आणि या सगळ्याच्या वर प्रवाशांची फरशी. ती जमिनीपासून सुमारे एक मीटरवर जाते.

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात जुलै १९७८ मध्ये व्हीलचेअरवरच्या १९ जणांनी भर चौकात दोन बस अडवल्या आणि रात्रभर हलले नाहीत. शहराच्या बसमध्ये त्यांना चढताच येत नव्हतं, एवढीच तक्रार. तेव्हाचं उत्तर होतं दारात बसवलेली यांत्रिक लिफ्ट. ती संथ आणि बिघडणारी. खरा उपाय वेगळ्या दिशेने आला: फरशीच खाली आणायची. इंजिन मागे ढकललं, पुढच्या दोन चाकांना जोडणारा सरळ आस काढून प्रत्येक चाकाला स्वतंत्र आधार दिला, मागचा आस चाकाजवळच्या दातेरी चक्रांच्या मदतीने खाली उतरवला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत अशा लो-फ्लोअर बस नियमित धावू लागल्या. आपल्याकडे शहरी बसच्या सरकारी मानकात ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा फरशीच्या तीन उंची आहेत. त्यातली ४०० ची ती खरी लो-फ्लोअर. ती थांब्यावर हवेच्या सस्पेन्शनमधली हवा सोडून दाराच्या बाजूला आणखी सहा-सात सेंटिमीटर झुकूही शकते.

आता थोडं गणित करू, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. माणूस आणि व्हीलचेअर मिळून ९० किलो धरा. इमारतींच्या नियमात उताराचं प्रमाण १:१२ असतं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. त्यावर व्हीलचेअर वर नेताना सतत साडेसात किलोचा जोर लागतो. जमण्यासारखं आहे. बसच्या दारातून उघडणारी फळी साधारण एक मीटरची धरा. झुकलेल्या बसची फरशी ३३ सेंटिमीटरवर आणि फुटपाथ १५ वर, म्हणजे चढ १८ सेंटिमीटरचा. जोर १६ किलो. कंडक्टरने मागून हात दिला की झालं.

पण बस फुटपाथला लागलीच नाही तर? थांब्यावर दुचाकी उभ्या, त्यांच्यापुढे दोन रिक्षा, म्हणून चालक बस रस्त्याच्या मधेच थांबवतो. फळी थेट डांबरावर टेकते. चढ ३३ सेंटिमीटर, जोर ३० किलो, कोन जवळपास १९ अंश. व्हीलचेअरचा भार मुळातच मागच्या चाकांच्या जवळ असतो, त्यामुळे एवढ्या चढावर ती मागे कलंडण्याची भीती खरी असते. म्हणजे कोटभर रुपयांची बस आणूनही काम निम्मंच होतं. यंत्राचा उरलेला भाग फुटपाथ आहे, आणि तो बसच्या कारखान्यात बनत नाही.

हे जर्मनीतल्या कासेल शहराला नेमकं कळलं. तिथले चालकही बस फुटपाथला चिकटवत नसत, कारण टायर घासतात. म्हणून १९९० च्या दशकात तिथे फुटपाथच्या कडेचा दगडच बदलला: सरळ उभ्या धारेऐवजी आत वळलेला, गुळगुळीत. टायर त्याला टेकला तरी इजा होत नाही, उलट तो वळणावरून घरंगळत सरळ येतो आणि बस दोन-चार सेंटिमीटरच्या फटीत उभी राहते. त्यात ना मोटर, ना सेन्सर, ना ॲप. मला अलीकडच्या वाहतूक तंत्रज्ञानात इतकी सुंदर वस्तू दुसरी दिसलेली नाही.

दुसरा मार्ग उलटा: बस उंचच ठेवायची आणि थांबा वर उचलायचा. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९९१ मध्ये नळीच्या आकाराची स्थानकं उभारली; बस थांबली की दारातून फळ्या स्थानकावर टेकतात. अहमदाबाद आणि पुण्याच्या बीआरटीमागेही, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या बससेवेमागेही, हाच विचार आहे. अडचण एवढीच, की मार्गिका संपली की तीच बस साध्या थांब्यावर डाव्या दाराने प्रवासी घेते आणि तिथे पुन्हा पायऱ्या. अर्धा प्रवास सोपा असून कुणी घराबाहेर पडत नाही.

दृष्टिहीन प्रवाशाची अडचण याहून निराळी. बस आली हे ऐकू येतं, कुठली आली हे नाही. आयआयटी दिल्लीतल्या गटाने यासाठी ऑनबोर्ड नावाचं उपकरण केलं. हातातलं बटण दाबलं की जवळच्या बस रेडिओ लहरींनी आपला क्रमांक कळवतात, हवी ती निवडली की तिच्या दाराशेजारचा स्पीकर बोलू लागतो आणि त्या आवाजाच्या दिशेने चालत जायचं. दिल्ली आणि मुंबईच्या बसवर त्याच्या चाचण्या झाल्या. पण बस मधल्या लेनमध्ये थांबली, तर हा आवाजही त्या माणसाला धावत्या दुचाकींमधून नेणार.

अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याखालचे सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सांगितलं. मात्र बस परिवहन उपक्रमाची, फुटपाथ महापालिकेच्या पथ विभागाचा आणि थांब्यावरच्या दुचाकी उचलायच्या वाहतूक पोलिसांनी. माझ्या हातात पैसे असते तर मी नव्या बसआधी थांबे घेतले असते. प्रत्येक थांब्यावर बसच्या लांबीइतकी कड १८ सेंटिमीटर उंच करायची आणि तिच्यासमोर गाड्या लागणार नाहीत असे खांब रोवायचे. बस दहा-बारा वर्षांत भंगारात जाते. कडेचा दगड तिच्यानंतरच्या दोन-तीन बसना पुरतो.