मार्क ट्वेन

ट्वेन, मार्क (३० नोव्हेंबर १८३५–२१ एप्रिल १९१०) : अमेरिकन कादंबरीकार, विनोदी लेखक व व्याख्याता. मूळ नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. जन्म मिसूरी राज्यातल्या फ्लॉरिडा या खेड्यात. बालपण मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावी. मिसूरीत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. १८४७ मध्ये वडील वारले आणि थोड्याच काळात तो छापखान्यात खिळे (छपाईची सुटी अक्षरे) जुळवू लागला.

पुढे होरेस बिक्सबी या पायलटकडे ५०० डॉलर फी ठरवून तो आगबोट चालवायला शिकला. १८५९ मध्ये परवाना मिळाला. मिसिसिपीचे पात्र सतत बदलते, म्हणून सेंट लुईपासून न्यू ऑर्लिअन्सपर्यंतची नदी पायलटला अंधारातही तोंडपाठ असावी लागे. उथळ पाण्यात एक खलाशी शिसे बांधलेली दोरी सोडून खोली ओरडून सांगे. दोन वाव, म्हणजे १२ फूट पाणी लागले की आरोळी येई, ‘मार्क ट्वेन!’ बोट पुढे न्यायला एवढे पाणी पुरे. १८६१ च्या यादवी युद्धाने नदीवरची वाहतूक थांबली, तो नेव्हाडात जाऊन पत्रकार झाला आणि १८६३ पासून हीच आरोळी टोपणनाव म्हणून घेऊन लिहू लागला.

‘टॉम सॉयर’ (१८७६) लोकप्रिय आहेच, पण ट्वेनचे खरे थोरपण ‘हकलबरी फिन’मध्ये (इंग्लंड १८८४, अमेरिका १८८५). ही सारी कादंबरी हक हा एक अडाणी पोरगा आपल्या बोलीत सांगतो. पळालेल्या जिम या गुलामाला धरून देणे हेच पुण्य, असे हकला लहानपणापासून शिकवलेले. जिमच्या मालकिणीला कळवणारी चिठ्ठी तो लिहितो. मग तराफ्यावरचा जिम आठवतो, हकच्या वाटचीही राखण करून त्याला झोपू देणारा. नरकात गेलो तरी चालेल, असे ठरवून तो चिठ्ठी फाडतो. शेवटच्या प्रकरणांत टॉम सॉयर येतो आणि जिमचे पुन्हा खेळणे होते. तो भाग या उंचीला पोचत नाही. अमेरिकेतल्या कॉन्कर्ड गावच्या ग्रंथालयाने पुस्तक असभ्य ठरवून काढून टाकले होते. कृष्णवर्णीयांविषयीच्या त्यातल्या अपमानकारक शब्दावरून आजही वाद होतात.

एके काळी हाताने खिळे जुळवणाऱ्या या माणसाने पेज नावाच्या खिळेजुळणी यंत्रात अमाप पैसा ओतला. यंत्र चालले नाही, त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली आणि १८९४ मध्ये दिवाळे निघाले. कायद्याने सूट मिळू शकत असूनही त्याने व्याख्यानांच्या जगप्रवासातून १८९८ पर्यंत सगळे कर्ज फेडले. हा प्रवास नुकताच संपला असताना, ऑगस्ट १८९६ मध्ये, मोठी मुलगी सूझी मेंदूज्वराने गेली.

याच प्रवासात जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईला आला व फोर्टमधल्या वॉटसन हॉटेलात उतरला. खोलीत एक नोकर गुडघे टेकून बाल्कनीचे काचेचे दार नीट करत होता. सोबतच्या धिप्पाड जर्मन माणसाने काय चुकले ते सांगण्याआधीच त्याच्या जबड्यावर एक ठेवून दिली. नोकर गप्प राहिला, चेहऱ्यावर रागही दिसला नाही. ट्वेन लिहितो, असे मी पन्नास वर्षांत पाहिले नव्हते. त्याला हॅनिबल आठवले. दहा वर्षांचा असताना पाहिलेला एक गुलामही आठवला. काम जरा धांदरटपणे केले म्हणून एका गोऱ्याने त्याच्या डोक्यात लोहखनिजाचा गोळा हाणला होता. तो तासाभरात मेला.