माल्टचा उतारा नीट मोजा
आमच्या नाशिकच्या दुकानातून बिअरसाठी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी) आणि रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातली साखर दाखवणारं उपकरण) नेणाऱ्या ग्राहकांसाठी

"माल्टमध्ये दम नाही, ग्रॅव्हिटी चढतच नाही," असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, मोजताना वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, किती गरम होता? बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं.

साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात, तसाच माल्टचाही काढायचा. ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता, 1.043 असेल तर 43 गुण धरा आणि त्यांना लिटरने गुणा. 1 किलो पेल माल्टमध्ये साधारण 300 गुण असतात. 5 किलोचे झाले 1500. उकळी येण्याआधी केटलमध्ये 1.043 चा 27 लिटर वर्ट असेल, तर 43 × 27 = 1161, म्हणजे 1500 च्या 77 टक्के. ही मॅश एफिशियन्सी, म्हणजे माल्टमधली किती साखर वर्टमध्ये उतरली ते.

आता गफलत कुठे होते ते पाहा. बहुतेक हायड्रोमीटर 20 अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात. नाशिकच्या एप्रिलमध्ये दुपारी नमुना 35 अंशांवर असला, तर तोच वर्ट 1.039 दाखवतो. उतारा एकदम 70 टक्क्यांवर येतो, आणि दोष बिचाऱ्या माल्टवर जातो! म्हणून नमुन्याचा ग्लास झाकून गार पाण्यात ठेवा, 20 अंशांवर आला की मगच वाचा. लिटरचंही तसंच. उकळीला आलेला 27 लिटर वर्ट गार झाल्यावर जेमतेम 26 भरतो.

द्राक्षबागेतला रिफ्रॅक्टोमीटर इथेही चालतो, ब्रिक्सला (साखरेच्या टक्क्यांना) 4 ने गुणलं की अंदाजे गुण मिळतात. फक्त यीस्ट घालण्याआधीच वापरा. अल्कोहोल तयार झाला की तो चुकीचं दाखवतो.

ब्रूहाउस एफिशियन्सी फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) जे पोचलं त्यावर काढतात. उकळून 1.050 चा 23 लिटर वर्ट उरला, त्यातला 2 लिटर हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) गाळात अडकला, तर 50 × 21 = 1050, म्हणजे 70 टक्के. पहिला आकडा चांगला आणि दुसराच पडलेला असेल, तर गाळ आणि पाइपमध्ये राहणारा वर्ट तपासा.

पहिलाच कमी असेल तर दळण पाहा. चिमूटभर तळहातावर घ्या, टरफल बरंचसं अखंड आणि आतला दाणा फुटलेला दिसायला हवा. आख्खे दाणे दिसले तर गिरणीची फट थोडी कमी करा, पण पीठ करू नका, गाळण तुंबते.

हायड्रोमीटरवर शंका असेल तर घेऊन या. 20 अंशांच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये 1.000 दाखवतो का, ते तुमच्यासमोर तपासून देतो.

महाराष्ट्रात बिअर बनवायला, चाचणीची छोटी बॅच असली तरी, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.