दुसऱ्यांच्या फोटोंतून शिकलेली कॉन्सर्ट फोटोग्राफी

कॉन्सर्टचे फोटो काढणाऱ्यांपैकी वर्गात बसून शिकलेले थोडेच. दुसऱ्याचा फोटो समोर घ्यायचा, उजेड कुठून आला आणि काढणारा कुठे उभा असेल हे ताडायचं, अशीच बहुतेकांची सुरुवात. ताडण्यासाठी हाताशी काय असे, ते मात्र काळानुसार बदलत गेलं.

हर्मन लेनर्ड यांनी ऑटावात पोर्ट्रेटकार युसुफ कार्श यांच्याकडे उमेदवारी केली आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. स्टुडिओत शिकलेली प्रकाशयोजना त्यांनी जॅझ क्लबांत नेली. त्याच वर्षी रॉयल रूस्ट या जॅझ क्लबमध्ये टिपलेला सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन यांचा फोटो निवांत पाहावा. सिगारेटचा धूर काळ्या पार्श्वभूमीवर पांढराशुभ्र दिसतो, कारण त्यावर मागून उजेड पडला आहे. तोच उजेड समोरून आला असता तर धूर जवळपास दिसलाच नसता. लेनर्ड यांनी क्लबच्या दिव्यांना स्वतःच्या फ्लॅशची जोड दिली होती. हे ठाऊक नसलं की नवखा माणूस तसाच फोटो उपलब्ध दिव्यांत काढू पाहतो आणि खट्टू होतो.

विल्यम गॉटलीब तर मुळात लेखक. वॉशिंग्टन पोस्टमधल्या त्यांच्या जॅझ सदरासाठी फोटोग्राफरचे पैसे मिळेनात, म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेरा हाती घेतला. त्यांचे फोटो २०१० मध्ये सार्वजनिक मालकीचे झाले आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात ते कुणालाही पाहता येतात. एरवी वाट्याला यायची ती रेकॉर्डच्या कव्हरवर कापूनछाटून छापलेली आवृत्ती.

१९५४ मध्ये कोडॅकची ट्राय-एक्स ही कमी उजेडात चालणारी कृष्णधवल फिल्म ३५ मिमीत आली आणि छोटा कॅमेरा घेऊन फ्लॅशशिवाय फिरणं सोपं झालं. पुढे ४०० संवेदनशीलतेची ही फिल्म १६०० ची समजून वापरण्याचा आणि ती कसर जास्त वेळ डेव्हलप करून भरून काढण्याचा, म्हणजे 'पुश' करण्याचा, प्रघातच पडला. त्यात सावल्यांमधला तपशील जातो, काळं गडद होतं, ग्रेन, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, फुगतो. त्या काळच्या फोटोंतला जो 'मूड' आपण वाखाणतो, त्यातला बराचसा डेव्हलपर या रसायनाच्या डब्यात तयार झालेला आहे.

माझ्या मते सगळ्यांत जास्त शिकवलं ते कॉन्टॅक्ट शीट्सनी, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम एकाच कागदावर छापलेल्या पानांनी. रॉक संगीताचे फोटोग्राफर जिम मार्शल यांची शीट पाहताना गाजलेल्या फ्रेमच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम दिसतात: हात चेहऱ्यावर आलेला, माइक आडवा आलेला, मग एकदाचं जुळलेलं. निवड कशी केली, हे सुट्या फोटोतून कळत नाही. निवडीवरून वादही झाले आहेत. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये क्लॅश या ब्रिटिश पंक बँडचा पॉल सिमनन बेस गिटार मंचावर आपटत असताना पेनी स्मिथ यांनी फोटो घेतला. तो पुरेसा शार्प नाही म्हणून अल्बमच्या कव्हरवर जाऊ नये, असं त्यांचं मत होतं. बँडने ऐकलं नाही. आज रॉकच्या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंत त्याची गणना होते.

मार्शल मंचामागे, ड्रेसिंग रूममध्ये, कुठेही मोकळे फिरत आणि ती मोकळीक नसेल तर काम नाकारत. १९८० च्या दशकापासून 'पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही' हा दंडक रूढ होत गेला. आता पिटमध्ये, म्हणजे मंचासमोरच्या फोटोग्राफरांच्या जागेत, दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तीही गायकाला घाम फुटायच्या आत. त्यामुळे मार्शल यांचे फोटो गिरवायला घेताना ही वेळेची तफावत ध्यानात ठेवावीच लागते.

२००७ मध्ये निकॉन डी३ या डिजिटल कॅमेऱ्याने ६४०० आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वापरण्याजोगा करून दाखवला आणि डिजिटल फाइलबरोबर एक्झिफ नोंदीही आल्या. शटर, अॅपर्चर, लेन्स, सगळं आकड्यांत. एक्झिफमधून मला तरी फारसं हाती लागत नाही. फोटोग्राफर कुठे उभा होता आणि कशाची वाट पाहत होता, ते त्यात नसतं. शिवाय समाजमाध्यमांवर चढवताना या नोंदी अनेकदा गळून पडतात. रंगाच्या बाबतीत जुने उस्ताद तर कामालाच येत नाहीत: एलईडीच्या गडद निळ्या उजेडात कॅमेऱ्याचा निळा चॅनल, म्हणजे निळा रंग टिपणारा भाग, आधी भरून जातो आणि चेहऱ्याचा तपशील पुसला जातो. अशा वेळी बरेच जण फोटो सरळ कृष्णधवल करून मोकळे होतात.