सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळातून तिघे का गेले? लोवेलच्या प्रवेशाची पार्श्वभूमी

15 फेब्रुवारी 2022 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी शाळा मंडळाच्या तीन सदस्यांना मुदत संपण्याआधीच घरी पाठवले. एकीच्या विरोधात सुमारे 76 टक्के मते पडली, अध्यक्षांच्या विरोधात 72 टक्क्यांच्या आसपास आणि तिसऱ्या सदस्याच्या विरोधात 69 टक्क्यांच्या आसपास. शहर डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला, आणि गेलेले तिघेही त्याच विचारांचे. बाहेर ही गोष्ट ‘कोरोनात शाळा बंद ठेवून नावे बदलत बसलेले मंडळ’ अशी सांगितली गेली. त्यात तथ्य आहे, पण एवढ्याने पाऊण शहर एका बाजूला का गेले हे कळत नाही. त्यासाठी लोवेल हायस्कूलपाशी थांबावे लागते.

मतदारांचा हा अधिकार कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत 1911 मध्ये आला. शाळा मंडळांवर तो वापरला जाणेही नवे नव्हते. आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये 1959 साली मंडळातल्या वर्णभेदी गटाने 44 शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना काढायचा घाट घातला, तेव्हा मतदारांनी त्या गटातल्या तिघांना काढले आणि विरोधातल्या तिघांना राखले.

नावांचे प्रकरण थोडक्यात असे. जानेवारी 2021 मध्ये मंडळाने सहा विरुद्ध एक मतांनी 44 शाळांची नावे, ती गुलामगिरी किंवा वंशभेदाशी जोडलेली आहेत अशा कारणांवरून, बदलायचे ठरवले. यादीत वॉशिंग्टन होते, लिंकन होते, शहराच्या एक माजी महापौरही होत्या. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हिअरचे नाव तर एका लष्करी मोहिमेचा अर्थ चुकीचा लावून यादीत घातले होते. इतिहासकारांना विचारले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. शहरातल्या सरकारी शाळा मार्च 2020 पासून बंद होत्या, खासगी शाळांनी वर्ग भरवायला सुरुवात केली होती, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये शहर प्रशासनानेच आपल्या शाळा प्रशासनावर शाळा उघडण्यासाठी खटला भरला. एप्रिलमध्ये मंडळाने नावांचा ठराव मागे घेतला. लोवेलच्या प्रवेशाचा नियम बदलणारा ठराव मात्र मागे घेतला नाही.

लोवेल 1856 पासूनची शाळा. शहरातल्या बहुतेक सरकारी हायस्कूलांत पसंतीक्रम आणि सोडत यांवर प्रवेश मिळे, लोवेलमध्ये गुण आणि परीक्षा यांवर. निम्म्याच्या आसपास मुले आशियाई वंशाची, त्यांत चिनी कुटुंबांतली सर्वाधिक. कृष्णवर्णीय मुले दोन टक्क्यांच्या आसपास. ही दुसरी संख्या लाजिरवाणी आहे, आणि तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे सांगितलेले वाईट अनुभव खरे आहेत. त्यावर काही करायलाच हवे होते. जे केले ते कसे केले, हा वाद आहे.

साथीच्या काळात गुण आणि परीक्षा दोन्ही नसल्याने ऑक्टोबर 2020 मध्ये मंडळाने एका वर्षासाठी सोडत लावली. ते बहुतेकांनी नाइलाजाने मानले. जानेवारी 2021 मध्ये शाळेच्या एका ऑनलाइन कार्यक्रमात कुणीतरी अत्यंत घाणेरडा वर्णद्वेषी मजकूर टाकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 9 फेब्रुवारीला, मंडळाने पाच विरुद्ध दोन मतांनी सोडत कायमची केली. बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय ‘लोवेलमधल्या सततच्या, सर्वव्यापी वर्णभेदाला प्रतिसाद’ अशा मथळ्याखाली होता. आठवीतल्या मुलीच्या आईने ती ओळ वाचली असती, तर आपल्या मुलीच्या प्रवेशाचा नियम आज बदलणार आहे हे तिला कळले नसते. नोव्हेंबर 2021 मध्ये न्यायालयाने नेमके याच कारणासाठी, खुल्या बैठकांच्या कायद्याचा भंग म्हणून, तो निर्णय रद्द ठरवला.

चिनी कुटुंबांच्या दृष्टीने हे पहिल्यांदा घडत नव्हते. 1885 मध्ये याच शहरात एका चिनी मुलीला सरकारी शाळेत घ्यावे असा आदेश राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि लगेच विधिमंडळाने वेगळ्या शाळेची तरतूद करून तिला तिकडे धाडले. 1906 च्या भूकंपानंतर मंडळाने जपानी मुलांनाही ‘ओरिएंटल’ शाळेत जायला फर्मावले. प्रकरण थेट टोकियो आणि वॉशिंग्टनपर्यंत गेले. 1974 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांच्या बाजूने निकाल दिला, तोही याच शहराच्या शाळांविरुद्ध.

मग 1983 ची तडजोड आली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या दाव्यातून ठरले की कोणत्याही शाळेत कोणत्याही एका वंशगटाची मुले ठरावीक मर्यादेपलीकडे नसावीत. लोवेलसाठी ती मर्यादा 40 टक्के. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लोवेलचा कटऑफ चिनी मुलांसाठी 69 पैकी 66 आणि गोऱ्या मुलांसाठी 59 होता. म्हणजे अल्पसंख्याक गटातल्या मुलाला गोऱ्या मुलापेक्षा जास्त गुण लागत होते. 1994 मध्ये चिनी पालक न्यायालयात गेले आणि 1999 मध्ये वंशावर आधारलेली मर्यादा गेली. 2021 मध्ये ज्यांची मुले आठवीत होती, त्यांतले काही पालक त्या कटऑफच्या काळात स्वतः शाळकरी होते.

मार्च 2021 मध्ये मंडळाच्या उपाध्यक्षांचे, म्हणजे पुढे 76 टक्के मते विरोधात पडलेल्या सदस्येचे, 2016 मधले ट्वीट बाहेर आले. आशियाई लोक ‘गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाच्या’ विचाराने वागून पुढे जातात, असा त्यांचा रोख होता. देशभर आशियाई वृद्धांवर हल्ले होत असतानाचे ते दिवस. उपाध्यक्षपद गेले. त्यावर त्यांनी मंडळावर आणि सहकाऱ्यांवर 8.7 कोटी डॉलरचा दावा ठोकला, तो ऑगस्टमध्ये फेटाळला गेला. शाळांच्या अंदाजपत्रकात साडेबारा कोटी डॉलरचे भगदाड असताना ही बातमी पालकांनी कशी वाचली असेल, ते सांगायला नको.

सदस्यांना काढण्याची मोहीम दोन पालकांनी सुरू केली, त्यांतला एक मूळचा भारतातला. मतदान घडवायला प्रत्येक सदस्यासाठी 51,325 सह्या हव्या होत्या, आल्या त्याहून कितीतरी जास्त. बाजारात टेबले लागली, चिनी भाषेतली पत्रके वाटली गेली, आणि 2016 च्या नियमामुळे नागरिकत्व नसलेल्या पालकांनाही शाळा मंडळासाठी मत देता येत होते. तिघांनाच का? कारण सातपैकी उरलेले चौघे नोव्हेंबर 2020 मध्ये निवडून आले होते आणि मोहीम सुरू करण्याआधी पदावर जे सहा महिने व्हावे लागतात, ते त्यांना पूर्ण झाले नव्हते. श्रीमंत देणगीदारांचा पैसा मोहिमेत आला हे खरे. पण पैशाने सह्या मिळतात, तीन-चतुर्थांश मते मिळत नाहीत.

महापौरांनी मार्च 2022 मध्ये रिकाम्या जागांवर तिघींची नेमणूक केली. जूनमध्ये नव्या मंडळाने चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या मतांनी लोवेलमध्ये 2023 पासून पुन्हा गुणवत्तेवर प्रवेश द्यायचे ठरवले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत नेमलेल्या तिघींपैकी दोघी निवडून आल्या. तिसरी, मोहिमेतून पुढे आलेली चिनी वंशाची पालक, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांबद्दल लिहिलेल्या विधानावरून हरली. मतदारांनी तिलाही तोच न्याय लावला. काढलेल्या माजी अध्यक्षा पुन्हा उभ्या राहिल्या आणि पुन्हा हरल्या. सदस्यांना असे परत बोलावण्याचा काळ आवळणारा एक प्रस्ताव त्याच वर्षी जूनमध्ये शहरापुढे आला होता, तोही मतदारांनी नाकारला.