रोआनोकची हरवलेली वसाहत आणि तिच्या लोपाविषयीच्या उपपत्ती

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रोआनोक बेटावर, १५८७ च्या जुलैमध्ये सुमारे ११५ इंग्रज स्त्रिया, पुरुष आणि मुले कायमच्या वस्तीसाठी उतरली. त्यांचा गव्हर्नर जॉन व्हाइट हा मदत आणण्यासाठी इंग्लंडला गेला आणि तीन वर्षांनी परतला, तेव्हा वस्तीत एकही माणूस उरला नव्हता. त्यानंतर त्यांच्यापैकी कोणाचीही इंग्रजांशी निश्चितपणे भेट झाल्याची नोंद मिळत नाही. ही वसाहत ‘हरवलेली वसाहत’ या नावाने ओळखली जाते. हे नाव मात्र एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. व्हाइटने स्वतः आपली माणसे हरवली असे कोठेही म्हटलेले नाही. ती कोठे गेली असावीत हे त्याला ठाऊक होते, तेथवर पोहोचणे तेवढे त्याला जमले नाही. या प्रश्नाचा विचार करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

राणी पहिल्या एलिझाबेथने मार्च १५८४ मध्ये सर वॉल्टर रॅले याला उत्तर अमेरिकेत वसाहत स्थापण्याची सनद दिली. त्याच वर्षी पाहणीसाठी गेलेल्या जहाजांबरोबर मँटिओ आणि वाँचीस हे दोन स्थानिक पुरुष इंग्लंडला आले. मँटिओ हा क्रोअटोअन बेटावरील लोकांपैकी होता. तो अखेरपर्यंत इंग्रजांचा मित्र राहिला, तर वाँचीस पुढे त्यांचा विरोधक बनला. १५८५ मध्ये राल्फ लेन याच्या हाताखाली शंभरावर पुरुषांची लष्करी धाटणीची वसाहत रोआनोकवर आली. ती अन्नधान्यासाठी सर्वस्वी स्थानिकांवर अवलंबून राहिली आणि त्यांच्याशीच तिने वैर ओढवून घेतले. चांदीचा एक पेला चोरीस गेल्याच्या संशयावरून एक अख्खे गाव जाळण्यात आले आणि १ जून १५८६ रोजी लेनच्या माणसांनी विंगिना या स्थानिक प्रमुखाला ठार केले. त्याच महिन्यात फ्रान्सिस ड्रेकच्या जहाजांवरून ही वसाहत मायदेशी निघून गेली. मागाहून रसद घेऊन आलेल्या रिचर्ड ग्रेनव्हिलने बेटावर पंधरा माणसे पहाऱ्यास ठेवली. पुढच्या वर्षी व्हाइटला त्यांच्यापैकी एकाची केवळ हाडे सापडली. १५८७ ची कुटुंबे उतरली ती अशा, आधीच रक्त सांडलेल्या भूमीवर.

ती तेथे उतरणारही नव्हती. वसाहत उत्तरेला, चेसापीक उपसागराच्या काठी वसवायची असे ठरले होते. परंतु ताफ्याचा नाविक सायमन फर्नांडिस याने उन्हाळा सरत आल्याचे कारण सांगून सर्वांना रोआनोकवरच उतरवले. आठवडाभरातच उथळ पाण्यात एकटा खेकडे धरत असलेला जॉर्ज हाउ हा वसाहतकार मारला गेला. त्याचा सूड घेण्यासाठी व्हाइटने रात्री किनाऱ्यावरील एका गावावर हल्ला केला, आणि आपण मारतो आहोत ते शत्रू नसून मैत्रीतले क्रोअटोअन लोक आहेत हे उशिरा कळले. १३ ऑगस्टला मँटिओचा बाप्तिस्मा झाला. १८ ऑगस्टला व्हाइटची मुलगी एलेनॉर डेअर हिला मुलगी झाली आणि तिचे नाव व्हर्जिनिया ठेवण्यात आले. अमेरिकेत इंग्रज आईबापांच्या पोटी जन्मलेले हे पहिले ज्ञात मूल होय. शिधा पुरणार नाही हे स्पष्ट होताच वसाहतकारांच्या आग्रहावरून व्हाइट २७ ऑगस्टला इंग्लंडकडे निघाला. त्या वेळी नात नऊ दिवसांची होती.

स्पेनच्या आरमाराशी युद्ध उभे ठाकल्यामुळे १५८८ मध्ये इंग्लंडची मोठी जहाजे अडकून पडली. व्हाइटने दोन लहान जहाजे मिळवली, पण वाटेत फ्रेंचांनी ती लुटली आणि त्याला जखमी अवस्थेत परतावे लागले. अखेर १५९० मध्ये कॅरिबियन समुद्रात लूट शोधत फिरणाऱ्या एका ताफ्यावर त्याला जागा मिळाली. रोआनोकजवळच्या खाडीमुखातून शिरताना एक होडी उलटून कॅप्टन स्पायसर धरून सात जण बुडाले. १८ ऑगस्ट १५९० रोजी, नातीच्या तिसऱ्या वाढदिवशी, व्हाइट वस्तीच्या जागी पोहोचला. एका झाडावर रोमन लिपीतील सी, आर, ओ ही तीन अक्षरे कोरलेली होती. घरे उतरवून नेलेली होती, त्यांच्या जागेभोवती मोठ्या ओंडक्यांचा कोट उभा होता आणि प्रवेशद्वाराजवळच्या एका खांबावर ‘क्रोअटोअन’ हा संपूर्ण शब्द सुवाच्य अक्षरांत कोरलेला होता. निघण्यापूर्वी ठरलेला संकेत असा होता, की वस्ती हलवलीच तर नव्या ठिकाणाचे नाव कोरावे आणि जाणे संकटामुळे झाले असेल तर नावावर क्रूस काढावा. क्रूस कोठेही नव्हता. व्हाइटने पुरून ठेवलेल्या पेट्या उकरलेल्या होत्या, पुस्तके फाटलेली आणि चिलखत गंजलेले होते. तरीही माणसे मँटिओच्या लोकांकडे सुखरूप आहेत, अशी त्याने समजूत करून घेतली. दुसऱ्या दिवशी क्रोअटोअनला जाण्याचे ठरले, पण वादळात नांगर तुटले, गोडे पाणी संपत आले आणि जहाज अखेर अझोर्स बेटांकडे वळले. १५९३ मध्ये त्याने आयर्लंडहून रिचर्ड हॅक्लुइटला पत्र लिहून आपल्या माणसांना देवाच्या हवाली केले. व्हाइटचा हा वृत्तांत हॅक्लुइटच्या प्रवाससंग्रहामुळे टिकला.

सर्वांत सरळ उपपत्ती त्या खांबावरच कोरलेली आहे: वसाहतकार रोआनोकच्या दक्षिणेला सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या क्रोअटोअन बेटावर, म्हणजे आजच्या हॅटरस बेटावर गेले आणि तेथील लोकांत मिसळून गेले. जॉन लॉसन या प्रवाशाने १७०९ मध्ये लिहिले आहे, की हॅटरसचे लोक आपले काही पूर्वज गोरे होते आणि ते पुस्तकातून बोलू शकत, असे सांगतात. त्यांच्यात करड्या डोळ्यांची माणसे आढळतात, जी अन्य जमातींत दिसत नाहीत, असेही तो नमूद करतो. पुस्तकातून बोलणे हा वाचनाचे वर्णन करणारा शब्दप्रयोग ज्यांच्याकडे लेखन नव्हते त्यांच्याच तोंडी शोभतो, आणि म्हणून ही साक्ष बनावट वाटत नाही. हॅटरसवर १९९८ मध्ये डेव्हिड फेल्प्स यांच्या उत्खननात एक मुद्रेची अंगठी मिळाली. ती सोन्याची असून १५८५ च्या मोहिमेतील केंडल नावाच्या माणसाच्या घराण्याची असावी असे सांगितले गेले. नंतरच्या तपासणीत ती पितळेची ठरली आणि तो दुवा कच्चा पडला. तलवारीच्या मुठीचा भाग आणि लिहिण्याची पाटी यांसारख्या वस्तूही त्याच बेटावर पुढील उत्खननांत मिळाल्या. अडचण एवढीच आहे, की युरोपीय वस्तू स्थानिकांकडे व्यापारातूनही येत आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहत. त्यामुळे वस्तू मिळाली म्हणजे तिचा मूळ मालक तेथे राहत होता असे सिद्ध होत नाही.

शंभरावर माणसांना पोसण्याइतके हॅटरस सुपीक नव्हते. शिवाय मुख्य भूमीवर पन्नास मैल आत जाण्याचा बेत व्हाइट निघण्याआधीच झाला होता. म्हणून वसाहत दोन किंवा अधिक गटांत विभागली गेली असावी, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. या मताला २०१२ मध्ये अनपेक्षित आधार मिळाला. व्हाइटने स्वतः काढलेला या प्रदेशाचा नकाशा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्यावर कागदाचे दोन तुकडे चिकटवलेले आहेत. त्यांपैकी एकाखाली, चोवान आणि रोआनोक या नद्या जेथे खाडीला मिळतात त्या जागी, किल्ल्यासारखी एक खूण दडलेली असल्याचे प्रकाशाच्या साहाय्याने केलेल्या तपासणीत आढळले. ती दुरुस्ती होती, रद्द झालेला बेत होता की स्पॅनिश हेरांपासून लपवलेली जागा होती, याचा निर्णय कागदावरून होत नाही. त्या परिसरात, बर्टी परगण्यात, झालेल्या उत्खननांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये प्रचलित असलेल्या मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. उत्खनन करणाऱ्यांच्या मते त्यांवरून संपूर्ण वसाहत नव्हे, तर काही थोडी माणसे येथे काही काळ राहिल्याचे दिसते. टीकाकारांच्या मते तीच भांडी सतराव्या शतकातील व्यापाऱ्यांबरोबरही आली असतील.

कत्तलीची उपपत्ती जेम्सटाउनमधून आली. १६०७ मध्ये चेसापीक उपसागराच्या परिसरात स्थापन झालेल्या या इंग्रज वसाहतीला रोआनोकच्या लोकांचा शोध घेण्याची सूचना होती. कॅप्टन जॉन स्मिथने दक्षिणेकडे आपल्यासारखे कपडे घालणारी माणसे असल्याचे ऐकले. स्पॅनिश राजदूताने १६०८ मध्ये माद्रिदला धाडलेल्या एका नकाशावरही रोआनोकहून आलेली चार माणसे एका गावी असल्याची टीप आहे. १६१० मध्ये आलेला विल्यम स्ट्रेची अधिक भयंकर हकिकत सांगतो: पौहाटन या बलाढ्य प्रमुखाने आपल्या पुरोहितांच्या सांगण्यावरून रोआनोकच्या इंग्रजांची कत्तल करवली आणि त्यातून वाचलेले चार पुरुष, दोन मुलगे आणि एक तरुण मुलगी हे एका दुसऱ्या प्रमुखाच्या आश्रयाला तांबे ठोकण्याचे काम करतात. इतिहासकार डेव्हिड बीअर्स क्विन यांनी यावरून मांडणी केली, की वसाहतीचा मोठा भाग मूळ बेतानुसार चेसापीक जमातीकडे गेला, तिच्यासोबत जवळपास वीस वर्षे शांततेत राहिला आणि जेम्सटाउनच्या स्थापनेच्या सुमारास तिच्याबरोबरच नष्ट झाला. ही मांडणी बराच काळ प्रमाण मानली जात होती. पण तिचा पाया ऐकीव माहितीवर आहे. पौहाटनने आपल्यापाशी कबुली दिली, असे स्मिथने स्वतःच्या प्रकाशित लेखनात कोठेही म्हटलेले नाही. स्मिथच्या नावावर ते १६२५ मध्ये सॅम्युएल पर्चास याने छापले. तीनच वर्षांपूर्वी, १६२२ मध्ये, व्हर्जिनियातील स्थानिकांनी इंग्रज वस्त्यांवर मोठा हल्ला केला होता आणि त्यांची जमीन बळकावण्यास नैतिक आधार शोधला जात होता, हे विसरून ती कबुली वाचता येत नाही.

स्पॅनिश हल्ल्याची शंकाही पूर्वी घेतली जाई. स्पेन या वसाहतीच्या मागावर होते हे खरे आहे. १५८८ मध्ये व्हिसेंते गोन्सालेस याला रोआनोकवर होड्या ओढण्याचा उतार आणि इतर काही इंग्रज खुणा दिसल्या. परंतु त्यानंतरही स्पॅनिश अधिकारी ती वसाहत नष्ट करण्याचे बेत आखत राहिले, म्हणजे ती आपण नष्ट केली असे त्यांना वाटत नव्हते. वसाहतकारांनी जवळच्या लहान गलबतातून इंग्लंड गाठण्याचा प्रयत्न केला आणि ते समुद्रात बुडाले, हा तर्क खोडून काढता येत नाही. पण घरे उतरवून नेणारी आणि जाण्याचे ठिकाण कोरून ठेवणारी माणसे महासागर ओलांडायला निघाली होती असे मानणे कठीण आहे.

या सर्व शक्यतांमागे दुष्काळाची पार्श्वभूमी आहे, आणि ती तेवढी पक्की आहे. त्या प्रदेशातील बाल्ड सायप्रस वृक्षांच्या वाढीच्या वलयांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १५८७ ते १५८९ ही तीन वर्षे तेथील आठशे वर्षांतील सर्वांत कोरडी तीन वर्षे होती, असे त्यातून दिसून आले. स्थानिक लोक मका पिकवत आणि साठा बेताचाच ठेवत. पाऊस नसताना शंभरावर परक्या माणसांना पोसणे कोणत्याही एका गावाच्या आवाक्याबाहेरचे होते. गटागटाने विखुरणे हा त्या परिस्थितीत जगण्याचा एकमेव शहाणा मार्ग ठरतो.

पुराव्यांच्या पोकळीत बनावट पुरावेही शिरले. १९३७ मध्ये अटलांटातील एमरी विद्यापीठात एका प्रवाशाने कोरीव मजकुराचा एक दगड आणला. त्यावर एलेनॉर डेअरच्या नावाने पती आणि मुलगी १५९१ मध्ये मारली गेल्याचे लिहिलेले होते. त्यानंतर बक्षिसाच्या आशेने असे दगड एकामागून एक सापडू लागले आणि त्यांची संख्या चाळिसांवर गेली. १९४१ मध्ये एका नियतकालिकाने नंतरचे दगड खोटे असल्याचे उघड केले. पहिल्या दगडाविषयी अजूनही वाद आहे, पण त्यावर इतिहास उभा करण्याचे धाडस कोणी जबाबदार अभ्यासक करत नाही. दुसरीकडे व्हर्जिनिया डेअरच्या नावाभोवती एकोणिसाव्या शतकात दंतकथा रचल्या गेल्या आणि ज्या मुलीविषयी नऊ दिवसांपलीकडे काहीच ज्ञात नाही तिला गोऱ्या वंशाचे प्रतीक बनवण्यात आले. हा तिच्यावर आणि ज्यांनी तिला कदाचित आसरा दिला त्यांच्यावरही अन्याय आहे.

नॉर्थ कॅरोलायनातील रोबसन परगण्यातील लम्बी लोकांनी या वसाहतीशी नाते सांगितले आहे. राज्याने १८८५ मध्ये त्यांना ‘क्रोअटन इंडियन’ या नावाने मान्यता दिली ती हॅमिल्टन मॅकमिलन या लोकप्रतिनिधीच्या प्रयत्नांमुळे. त्याने त्यांच्यातील आडनावे १५८७ च्या यादीशी जुळवून दाखवली होती. ती आडनावे इंग्लंडमध्ये सर्वसाधारण असल्यामुळे या युक्तिवादाचे वजन मर्यादित आहे. अलीकडे जनुकीय तपासणीचाही प्रयत्न झाला, पण तुलनेसाठी वसाहतकारांचा एक तरी निश्चित नमुना हवा. रोआनोक बेटाचा उत्तर किनारा चार शतकांत लाटांनी बराच खचला आहे. फोर्ट रॅले येथील उत्खननात १५८५ च्या मोहिमेतील टॉमस हॅरियट आणि योआखिम गान्स यांच्या धातुपरीक्षणाच्या कार्यशाळेचे अवशेष मिळाले, परंतु १५८७ च्या घरांची जागा मिळालेली नाही आणि त्या वर्षी उतरलेल्यांपैकी एकाचीही कबर आजवर ओळखता आलेली नाही.